इलेक्ट्रिक बेस गिटारची दुरुस्ती: आधी निदान, मग माप, मग नवा भाग

अमेरिकन वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याचा नेक (तारा दाबण्याचा लांब दांडा) बॉडीला स्क्रूंनी जोडलेला होता आणि पिकअप (तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल बनवणारा भाग), पॉट (आवाज व टोन कमी-जास्त करणारा नॉबखालचा रोधक) व जॅक (केबल लावण्याची जागा) हे सगळे भागही स्क्रू सोडवून बाहेर काढता येत होते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक बेस गिटारींमध्ये ही रचना टिकून आहे, आणि म्हणूनच एखादा भाग बिघडला तर संपूर्ण वाद्य टाकून न देता तेवढाच भाग बदलता येतो. मात्र सुटा भाग सहज मिळतो म्हणून तो सहज बसेलच असे नाही. एकाच नावाने विकले जाणारे दोन ब्रिज (बॉडीवर तारांची टोके धरणारा भाग) किंवा दोन पॉट मापात वेगळे असतात, कारण काही उत्पादक इंचात आणि काही मिलिमीटरमध्ये काम करतात. शिवाय ज्या दोषासाठी नवा भाग मागवला जातो, तो दोष बऱ्याचदा त्या भागात नसतोच. या कामात सर्वाधिक पैसे आणि वेळ चुकीच्या निदानापायी वाया जातो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सुरुवात निदानापासून करावी.

दोष नेमका कुठे आहे?

नॉब फिरवतानाच खरखर येत असेल, तर त्या पॉटमध्ये धूळ बसली आहे किंवा आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल, तर आधी दुसरी केबल लावून पाहावी. तरीही तुटत असेल तर जॅक तपासावा. गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर अर्थिंगची जोडणी शाबूत आहे आणि उणीव शील्डिंगमध्ये (बाहेरची विद्युत गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या आवरणात) आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल, पण जॅकच्या धातूला बोट लावताच गुणगुण कमी होत असेल, तर ब्रिजपर्यंत जाणारी अर्थिंगची वायर तुटलेली आहे किंवा ब्रिजला नीट टेकत नाही. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल, तर बहुधा जॅकवरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे.

तार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) घासून होणाऱ्या कर्कश आवाजाचेही असेच आहे. तो फक्त मोकळ्या तारेवर येत असेल, तर नटची (नेकच्या वरच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या खाचांच्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल, तर नेक गरजेपेक्षा सरळ किंवा मागे वाकलेला आहे. वरच्या फ्रेटवर येत असेल, तर तारा फार खाली आणल्या आहेत किंवा नेकचे बॉडीकडचे टोक उचलले गेले आहे. एकाच जागी येत असेल, तर पुढची एखादी फ्रेट उंच राहिली आहे. यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या दोषालाच खरी दुरुस्ती लागते. मधले बहुतेक प्रश्न पाना आणि ॲलन की वापरून सुटतात.

म्हणून कोणताही भाग मागवण्याआधी नव्या तारा लावून संपूर्ण सेटअप, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर यांची जुळणी, करून घ्यावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, नेक बॉडीला मिळतो तिथे जाड तार दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) मोजावी. ३४ इंच स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंत तारेच्या कंपन पावणाऱ्या लांबीच्या) बेसवर ही फट साधारण ०.३० ते ०.३५ मिमी असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा (नेकच्या आत बसवलेल्या, त्याचा बाक ठरवणाऱ्या धातूच्या दांड्याचा) आट्यांचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळावा आणि कमी असेल तर सैल करावा, मात्र एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात लावून मगच मोजावे. नट फिरायला तयार नसेल तर जोर न लावता काम थांबवावे, कारण तुटलेल्या ट्रस रॉडची दुरुस्ती बहुधा नव्या नेकपेक्षा महाग पडते.

त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची पाहावी. जाड ई तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि बारीक जी तारेखाली सुमारे २ मिमी ही सुरुवातीची चांगली मापे आहेत. शेवटी मोकळ्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर यांची तुलना करावी. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार ज्यावर टेकते तो सरकता भाग) मागे घ्यावे, उतरलेला असेल तर पुढे आणावे. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या केवळ ४१.२ हर्ट्झ असल्यामुळे अनेक ट्यूनर तिथे गडबडतात, आणि म्हणूनच ही तपासणी बाराव्या फ्रेटवर करणे सोयीचे असते. सूर थरथरतो किंवा सॅडल कितीही सरकवले तरी जुळत नाही अशी तक्रार असेल, तर पिकअप तारांच्या फार जवळ आले आहेत का तेही बघावे, कारण चुंबक तारेला खेचू लागला की तिचे कंपन बिघडते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचे अंतर जाड बाजूला ३ मिमीच्या आसपास ठेवले की हा दोष सहसा जातो.

विद्युतजोडणी: जॅकपासून पिकअपपर्यंत

काही उघडण्यापूर्वी आतल्या जोडणीचे स्पष्ट छायाचित्र काढावे आणि प्रत्येक वायरीवर कागदी चिकटपट्टीने खूण करावी. काढलेले मूळ भाग टाकू नयेत. एकेक भाग बदलून वाजवून पाहावे. पिकअप, पॉट आणि ब्रिज एकाच दिवशी बदलले तर आवाजातला फरक कशामुळे पडला, हे पुढे कधीच कळत नाही.

जॅक हा सर्वांत जास्त मार खाणारा भाग आहे. उघड्या सांगाड्याच्या जॅकमध्ये प्लगच्या टोकाला टेकणारी पट्टी सैल झाली असेल, तर ती बोटाने किंचित आत वाकवल्यानेही काम भागते. जॅकचा बाहेरचा नट सैल झाला तर तो आवळताना आतला जॅक हाताने धरून ठेवावा. तसे न केल्यास जॅक नटाबरोबर फिरत राहतो, वायरींना पीळ पडतो आणि काही महिन्यांत त्यांतली एक तुटते. नवा जॅक बसवताना सिग्नलची वायर टोकाला टेकणाऱ्या पट्टीच्या कानाला (वायर जोडण्याच्या टोकाला) आणि अर्थिंगची वायर प्लगच्या दांड्याला टेकणाऱ्या भागाच्या कानाला जोडावी.

खरखर करणारा पॉट बदलण्यापूर्वी त्याच्या कवचाच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक भागांसाठी असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा फवारावा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावा. साधे वंगण वापरू नये. ते धूळ धरून ठेवते. एवढे करूनही खरखर राहिली तर नवा पॉट घ्यावा, पण त्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे रोध. सिंगल कॉइल आणि प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपसाठी सामान्यतः २५० किलोओहम, हंबकरसाठी (गुणगुण रद्द करणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी) बहुधा ५०० किलोओहम आणि ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरी लागणाऱ्या, पिकअपसाठी २५ किलोओहमचे पॉट वापरतात. मोठ्या रोधाने वरच्या कंपनांचा आवाज अधिक उघडा येतो. दुसरी गोष्ट टेपरची, म्हणजे नॉब फिरवताना रोध कसा बदलतो त्याची: व्हॉल्यूम व टोनसाठी ऑडिओ टेपर घेतल्यास नॉबच्या संपूर्ण फेऱ्यात बदल समान वाटतो. तिसरी गोष्ट म्हणजे पॉटच्या गळ्याचा व्यास; इंची पॉटचा गळा ३/८ इंचाचा असतो, तर अनेक स्वस्त बेसमध्ये ७ किंवा ८ मिमीचे छोटे पॉट असतात, त्यामुळे इंची पॉट बसवायला छिद्र मोठे करावे लागते. चौथी गोष्ट दांड्याची: तो गुळगुळीत गोल आहे की दातेरी व चिरलेला आहे, आणि जुना नॉब त्यावर बसेल का, हे आधी पाहावे. इंची गोल दांडा ६.३५ मिमीचा आणि मिलिमीटर पद्धतीचा ६ मिमीचा असतो. नजरेला हा फरक दिसत नाही, पण नॉब बसवताना लगेच जाणवतो.

टोनच्या कपॅसिटरबद्दल बाजारात बरेच काही बोलले जाते. व्यवहारात त्याचे मूल्य महत्त्वाचे आहे. बेसमध्ये ०.०४७ मायक्रोफॅरड सर्वाधिक वापरला जातो आणि त्यावर सहसा ४७३ असे छापलेले असते. २२३ म्हणजे ०.०२२, तर १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. मूल्य जितके मोठे, तितका टोन बंद केल्यावर आवाज अधिक गडद होतो. टोनचा नॉब पूर्ण उघडा ठेवून वाजवणाऱ्याला या बदलाचा उपयोग जवळपास नाही, आणि उंची पदार्थांपासून बनवलेल्या महागड्या कपॅसिटरवर खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

डाग देण्याचे (सोल्डरिंगचे) काम थोडे सावकाश शिकावे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. रोझिन असलेले कथील घ्यावे. नळकामासाठी मिळणारे आम्लयुक्त फ्लक्स वायरी आणि टर्मिनल खाऊन टाकते. ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारे सोल्डरिंग आयर्न पुरेसे आहे, मात्र त्याचे टोक बारीक सुईसारखे नसावे, छिन्नीसारखे रुंद असावे. आधी वायरीच्या टोकाला आणि टर्मिनलला वेगवेगळे कथील लावून घ्यावे, मग दोन्ही एकत्र धरून तापवावे. कथील आयर्नवर वितळवून सांध्यावर आणून टाकू नये. सांधा तापला की त्याला टेकवलेले कथील आपोआप आत ओढले जाते. पॉटच्या पाठीवर अर्थिंगची वायर जोडताना अडचण येते, कारण ते कवच उष्णता शोषून घेते. त्या जागी बारीक पॉलिश कागदाने घासून चमक काढावी, तेवढाच भाग रुंद टोकाने चार-पाच सेकंद तापवावा आणि कथील पसरताच आयर्न उचलावे. सांधा थंड होईपर्यंत वायर हलू देऊ नये. थंड झालेला सांधा गुळगुळीत आणि कडांना पसरलेला दिसला पाहिजे. तो गोळ्यासारखा उभा राहिला असेल तर पुन्हा तापवावा. काम करताना बॉडीच्या रंगावर जुने कापड अंथरावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

बेसच्या आत धोकादायक विद्युतदाब नसतो, परंतु तारा ब्रिजमार्गे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरचे अर्थिंग सदोष असेल तर तारांना स्पर्श करणाऱ्याला विजेचा जोरदार धक्का बसू शकतो. त्यामुळे अर्थिंगची पिन तोडलेला प्लग कधीही वापरू नये, आणि ॲम्प्लिफायरचे आतले काम त्यातल्या जाणकारावरच सोपवावे.

पिकअप निवडताना सर्वांत आधी माप, मग आवाज. १९५७ सालापासून प्रिसिजन बेसमध्ये दोन तुकड्यांचा पिकअप आला. त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांची गुणगुण रद्द करतात. १९६० साली आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन लांबट पिकअप आहेत आणि ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा किंचित लांब असतो. काही स्वस्त बेसमध्ये मात्र दोन्ही सारख्याच लांबीचे असतात, म्हणून कव्हरची लांबी मोजल्याशिवाय संच मागवू नये. पिकअप खरोखर बिघडला आहे का, हे मल्टिमीटरने लगेच कळते. वायर पॉटपासून सोडवून रोध मोजावा. जॅझ पद्धतीचा पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) पिकअप साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो, तर प्रिसिजन पद्धतीचा १० ते १२. काहीच आकडा येत नसेल तर आतली वायर तुटलेली आहे.

जॅझ बेसमधला एकच पिकअप बदलताना एक गोष्ट हमखास सुटते. त्याच्या दोन पिकअपांची वेटोळी आणि चुंबक परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की गुणगुण रद्द होते आणि तारांचा आवाज मात्र एकत्र येतो. नवा पिकअप दुसऱ्या उत्पादकाचा असेल तर हे जमेलच असे नाही. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून दोन्ही पिकअपांच्या चुंबकांना एकाच पद्धतीने स्क्रू ड्रायव्हरचे पाते टेकवावे आणि पटकन उचलावे. दोन्ही वेळा आकड्याचे चिन्ह एकच आले पाहिजे. चिन्ह उलट आले, किंवा दोन्ही पिकअप लावल्यावर आवाज पातळ आणि पोकळ झाला, तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. पिकअपला धातूचे कव्हर असेल तर त्या कव्हरची अर्थिंगची वायर आधी वेगळी करावी लागते, नाहीतर कव्हरच सिग्नलला जोडले जाईल आणि गुणगुण वाढेल. वायरी जुळवूनही दोन्ही चुंबकांना होकायंत्राची सुई सारखीच प्रतिसाद देत असेल, तर गुणगुण रद्द होणार नाही, आणि मग संच म्हणून बनवलेले दोन पिकअप घेणेच शहाणपणाचे.

शील्डिंगसाठी पिकअप आणि पॉट यांच्या खोबणीत चिकटणारा तांब्याचा पत्रा लावावा. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवाव्यात, प्रत्येक जोडावर कथिलाचा एक ठिपका द्यावा आणि सगळा पत्रा एका वायरीने अर्थिंगला जोडावा. जॅकच्या सिग्नलचा कान पत्र्याला टेकत नाही ना, हे झाकण लावण्यापूर्वी पाहावे; टेकला तर आवाज पूर्ण बंद होतो.

प्रीअँप (बेसमध्येच सिग्नल वाढवणारे छोटे मंडल) बसवण्याचा विचार असेल तर ॲक्टिव्ह पिकअप आणि ॲक्टिव्ह प्रीअँप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये पिकअप पॅसिव्ह होता आणि प्रीअँप ॲक्टिव्ह. प्रीअँपला ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि तिच्यासाठी बॉडीत जागा आहे का, हे सर्वप्रथम मोजावे. जॅक स्टिरिओ घ्यावा आणि बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या कानाला जोडावी, म्हणजे केबलचा मोनो प्लग आत गेल्यावरच मंडल पूर्ण होते. या कारणाने वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवली नाही तर बॅटरी उतरत राहते.

ब्रिज, खुंट्या आणि नट

जड ब्रिज लावल्याने सूर जास्त वेळ टिकतो, असा प्रचार आहे. फरक पडत असला तरी तो लहान असतो आणि नव्या तारांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा वाटतो. सॅडलचे आटे गेले असतील, स्क्रू गंजून अडकले असतील किंवा तारांमधले अंतर बोटांना गैरसोयीचे असेल, तेव्हा ब्रिज बदलणे योग्य. स्क्रूंची छिद्रे जुन्या छिद्रांशी जुळतात का, तारांमधले अंतर किती आहे आणि नव्या ब्रिजची उंची जुन्याएवढी आहे का, हे तिन्ही पाहावे. ब्रिजखालून डोकावणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचे टोक सोलून पसरवावे, वर ब्रिज घट्ट बसवावा आणि मल्टिमीटरने तार व जॅकचा बाहेरचा भाग यांच्यात जोड आहे का ते तपासावे. रोध एका ओहमच्या आसपास आला पाहिजे.

खुंट्या बदलण्याचे सर्वांत चांगले कारण वजन हे आहे. नेकचे टोक सतत खाली झुकत असेल तर हलक्या खुंट्यांनी खांद्यावरचा ताण लक्षणीय कमी होतो. हेडस्टॉकमधील (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकामधील) छिद्राचा व्यास, मागच्या स्क्रूंची जागा आणि खुंटी डाव्या बाजूची आहे की उजव्या, हे जुळले पाहिजे. जाड तार खुंटीला लावताना खुंटीपासून सुमारे १० सेंमी अंतरावर आधी काटकोनात वाकवावी आणि मगच पुढचा भाग कापावा. न वाकवता कापल्यास काही तारांची बाहेरची गुंडाळी आतून सैल होऊन तिचा आवाज मेल्यासारखा येतो. खुंटीवरचे वेढे खालच्या दिशेने उतरत गेले पाहिजेत.

नट हाताळताना घाई नको. त्याच्या कडेने लाखेवर धारदार पात्याने हलकी रेघ मारावी, लाकडी ठोकळा टेकवून हळूच ठोकावे आणि तो सुटला की खाच स्वच्छ करावी. नव्या नटच्या खाचा तारेच्या जाडीच्या कानशीनेच घासाव्यात. ई तार साधारण ०.१०५ इंच जाडीची असते आणि खाच तिच्यापेक्षा किंचित रुंद असावी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर पातळ कागद सरकेल इतकीच फट राहिली की घासणे थांबवावे. चिकटवायला गोंदाचा एक छोटा थेंब पुरतो, कारण हा भाग पुढे कधीतरी पुन्हा काढायचा असतो.

स्क्रूचे छिद्र मोठे झाले असेल तर त्यात कठीण लाकडाची कांडी लाकडी गोंद लावून बसवावी, एक दिवस वाळू द्यावी, पृष्ठभागाला समांतर कापावी आणि नव्याने बारीक छिद्र पाडावे. मोठा स्क्रू घुसवणे हा उपाय नव्हे.

नवा नेक

नेक बदलणे हे या सर्वांतले मोठे काम आहे, पण मापे बरोबर असतील तर ते अवघड नाही. ३४ इंच स्केलमध्ये नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच, म्हणजे सुमारे ४३२ मिमी अंतर असते, आणि बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतही साधारण तेवढेच लागते. जाड तारांना सॅडल थोडे मागे जाते. नेकच्या टोकाची रुंदी बॉडीच्या खाचेशी जुळली पाहिजे, टोक सपाट आहे की गोल आहे ते पाहिले पाहिजे आणि फ्रेट २० आहेत की २१, हेही मोजले पाहिजे, कारण जास्तीची फ्रेट असलेल्या नेकचा फ्रेटबोर्ड पुढे आलेला असतो आणि तो पिकगार्डला अडू शकतो. नटची रुंदी जॅझ पद्धतीत ३८ मिमीच्या आसपास, तर प्रिसिजन पद्धतीत सहसा ४१ ते ४४ मिमी असते, आणि डाव्या हाताला हा फरक पहिल्याच मिनिटात जाणवतो.

नेक खाचेत ठेवून फक्त दोन बाहेरच्या तारा सैल लावाव्यात आणि त्या फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून समान अंतरावर येईपर्यंत नेक डावी-उजवीकडे सरकवावा. जागा ठरली की क्लॅम्पने पकडून बॉडीच्या छिद्रांतून नेकवर खुणा कराव्यात. छिद्र पाडताना ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी, नाहीतर पाते फ्रेटबोर्डमधून बाहेर येईल. स्क्रूच्या आट्यांना मेण किंवा साबण चोळला की कठीण मेपलमध्ये तो न तुटता जातो. नेकचा कोन बदलायचा असेल तर खाचेच्या एका टोकाला कागदाचा तुकडा ठेवण्यापेक्षा संपूर्ण खाच भरणारी लाकडी पाचर वापरावी. तुकड्यामुळे मागे राहिलेल्या पोकळीवर नेक काही महिन्यांत वाकू शकतो.

तारा ओढल्यावर नवे लाकूड हळूहळू ताणाला सरावते. त्यामुळे पहिल्या दिवशी केलेला सेटअप तात्पुरता धरावा, तारा सुरात ठेवून आठवडाभर वाजवावे, मग ट्रस रॉड, तारांची उंची आणि बाराव्या फ्रेटची तपासणी त्याच क्रमाने पुन्हा करावी आणि नेकचे चारही स्क्रू एकदा आवळून पाहावेत.